चौदा काडतुसांची रायफल



आज पिकावर नाही, बंदुकीवर लिहितोय. पण मूळ दुखणं पिकाचंच आहे.

डोंगराच्या कडंला आपला पावणेदोन एकर मका. कणसात दूध भरलं की डुकरं येणार, हे दरसालचं. यंदा एका रात्रीत सात-आठ गुंठे आडवे केले. खातात थोडं, लोळवतात जास्त. वडिलांची एकनळी बारा बोअर वारसानं माझ्या नावावर झालीय, पीक संरक्षणाच्या परवान्यावर. आजवर तिचं काम आवाज करण्यापुरतंच.

त्याच आठवड्यात पाहुण्यांचा फोन आला. ओळखीतल्या एका जुन्या घरात निजामाच्या काळातली रायफल आहे, परवान्यावरची. म्हातारे थकलेत, पोरं पुण्याला. विकायची म्हणतात. म्हणलं, बघून तर येऊ.

बघितली आणि तिथंच फसलो. विंचेस्टर, मॉडेल १८९२. घोड्याच्या खाली लोखंडी कडी. ती पुढं ढकलली की रिकामं टरफल बाहेर, मागं ओढली की नवं काडतूस नळीत. त्या कडीचा ‘खट्-खटाक’ आवाज तुम्हाला लिहून सांगता यायचा नाही. शंभरीच्या आसपासचं यंत्र, पण कुठं खुळखुळ नाही. वजनाला हलकी, खांद्याला बसली की आपलीच वाटती. किंमत लाखाच्या पुढं सांगितली. मी मनात मक्याचा हिशोब सोडून बैल विकायचा हिशोब चालू केला होता.

मग काडतुसं विचारली. म्हाताऱ्यांनी पत्र्याचा डबा काढला. चौदा.

ही रायफल ४४-४० बोअरची. १८७३ सालचं काडतूस. ४४ म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले ४४, साधारण तेवढी जाड गोळी. ४० म्हणजे त्यात भरायची काळी दारू, ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. अमेरिकेत घरोघरी चाललेलं, पण आपल्याकडं दुकानात मागा, दुकानदार तोंडाकडं बघतो. आपल्याकडं चालतं ते बारा बोअर आणि ३१५. बारा बोअरची काडतुसं खडकीच्या कारखान्यात बनतात, ३१५ची रायफल बंगालात ईशापूरला. ४४-४० चं तसं काही नाही. घरी भरावीत तर तो परवान्याशिवाय दारूगोळा बनवल्याचा गुन्हा.

म्हणजे चौदा काडतुसं म्हणजे चौदाच. नेम जुळवायला पाच-सहा गेली, जुनी असल्यानं दोन-तीन फुसकी निघाली, की राहिली किती? आपण म्हणतो ना, ज्याचं बी पुढच्या साली मिळणार नाही ते वाण लावू नये. बियाण्याला लावतो तो नियम लोखंडाला का लावायचा नाही?

तरी मन मानंना. एका वकील मित्राकडं गेलो. त्यानं शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ काढून दाखवलं. पीक संरक्षणाला कायदा ठासणीची बंदूक धरतो. ती पुरत नसंल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. रायफलीच्या नळीला आतून आटे असतात, ती यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोन शस्त्रं ठेवता येतात, पण दुसरं मागायला कारण वेगळं लागणार. मित्र म्हणला, “स्वसंरक्षण लिही. जिवाला धोका आहे म्हण.”

कुणापासून? मी एक मका पेरणारा माणूस. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, त्यानंतर आपल्या जिल्ह्यातल्या बंदुकीच्या परवान्यांची चर्चा राज्यभर झाली. कित्येकांचे परवाने निलंबित झाले, रद्द झाले. कंबरेला बंदूक म्हणजे मान, हे आपल्याकडचं जुनं खूळ. त्या यादीत खोटं कारण लिहून आपलं नाव घालायचं का? कागद पुढ्यात ठेवला आणि पेन उचललाच नाही.

खरी गोष्ट मात्र त्याच रात्री कळली. लाईट रात्रीची होती. बारा वाजता दारं धरायला गेलो. मक्यात खसफस झाली, बॅटरी मारली. दोन डोळे चमकले. मनात म्हणलं, आत्ता रायफल असती तर! तेवढ्यात त्याच रेषेत, डोळ्यांच्या मागं दीड-दोनशे फुटांवर दुसरी बॅटरी हलली. शेजारचा चुलत भाऊ. तोबी पाणी द्यायला आलेला.

छर्रा त्या मानानं लवकर दमतो. रायफलीची गोळी किलोमीटरच्या पुढं जाऊ शकते, मक्याचं ताट तिला काय अडवणार? आपल्याकडं रात्री रान मोकळं नसतंच. कुणी पाणी देतं, कुणी खळ्यावर झोपतं, कुणी ऊसतोडीहून परत येत असतं. मी तिथंच बांधावर बसलो. हात थरथरत होते, हातात काही नसताना.

सकाळी पाहुण्यांना नको म्हणून कळवलं.

तसंबी नुसती बंदूक असून डुक्कर मारता येत नाही. त्याला वनखात्याची रीतसर परवानगी लागते. हरणाचं तर नावच काढू नका, काळवीट अनुसूची एकमध्ये आहे.

त्या पैशाच्या थोड्याच भागात सौर झटका मशीन बसवलं. माझा अनुभव सांगतो. पहिली तार जमिनीपासून एक वीत, दुसरी दीड हातावर. डुक्कर नाक खाली घालून येतं, पहिली तार उंच गेली की खालनं घुसतं. तारेला गवत टेकलं की झटका मरतो, माझ्याकडं एकदा त्याच्यामुळंच आत आली. आपल्या मुरमाड रानात अर्थिंग कोरडं पडतं, दोन सळया खोल ठोका आणि तिथं पाणी घालत जा. आणि हात जोडून सांगतो, खांबावरची लाईट तारेत सोडू नका. झटका मशीनचा करंट क्षणभर येतो आणि सुटतो, तो सोडत नाही. त्यात माणसं जातात.

नुकसान झालंच तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडं अर्ज द्या, फोटो आधी काढा, मग रान साफ करा.

त्या कडीचा आवाज अजून कानात आहे, खोटं कशाला सांगू. पण रात्री बांधावर भावाची बॅटरी हलताना दिसते, तवा बरं वाटतं.

तुमच्याकडं पहिली तार किती उंचीवर आहे? आणि रोही कसे अडवता? त्यांना दोन तारा काहीच नाहीत. लिहा.