खंडोबाचा रविवार आणि रोस्टरचा

गिरणगावात रविवार सकाळी सातला लागायचा. शनिवारची रातपाळी सुटली की केसांत कापसाचे तंतू आणि डोळ्यांत झोप घेऊन माणसं लालबाग-परळच्या रस्त्यांवरून घराकडे यायची, आणि मग सोमवार उजाडेपर्यंत भोंगा गप्प. एरवी आमच्या चाळीत घड्याळाची गरजच नव्हती. चूल पेटवायची, डबा भरायचा, पोरांना शाळेत पिटाळायचं, सगळं भोंग्यावर. रविवारी भोंगा नाही, म्हणून घाई नाही. गॅलरीत दाढ्या चालायच्या, मटणवाल्यापुढे रांग लागायची, आणि भजनी मंडळाच्या खोलीत कुणीतरी पखवाजाला कणीक लावून थाप जमते का बघत बसलेला असायचा.

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि रविवार त्याचा वार. वडील रातपाळी करून आले तरी आंघोळ करून आधी तळी भरायचे, मग झोपायचे. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याचे तुकडे आणि भंडारा मांडायचा आणि ‘सदानंदाचा यळकोट’ म्हणत पाच जणांनी मिळून ते ताम्हन तीनदा उचलायचं. आता एका खोलीच्या बिऱ्हाडात पाच गडी कुठून आणणार? वडील आणि काका, झाले दोन. उरलेले तीन शेजारून यायचे. त्यातला एक मालवणकडचा होता. त्याचं दैवत रवळनाथ, खंडोबाशी त्याचा संबंध काही नाही. तो खोबऱ्यासाठी येतो असं आई म्हणायची. खोबऱ्यासाठी असेल नाहीतर भक्तीसाठी, तो यायचा, कारण रविवारी तोही घरीच असायचा. काही घरांत रविवार पाळतात म्हणजे मटण वर्ज्य. आमच्याकडे तळी झाली की पुढचं सगळं चालायचं.

हा रविवार कुणी आपणहून दिलेला नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत सणावारी काम बंद असे, पण आठवड्याचा ठरलेला सुट्टीचा वार नव्हता. १८८१ चा पहिला कारखाना कायदा आला तो लहान मुलांपुरता. मोठ्या माणसाने किती तास आणि किती दिवस राबावं याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये मजुरांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे पाठवला. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार वेळेवर. यातलं काहीही सहज मिळालं नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास मजूर जमले, त्या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी कबूल केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असं लोखंड्यांनी मांडल्याचं सांगतात. मला यात त्यांची हुशारी दिसते. साहेबाचा रविवार चर्चचा होता, त्यामुळे त्या दिवशी सुट्टी म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नव्हतं. आणि ज्यांच्यासाठी भांडायचं त्यांतले पुष्कळ मजूर पुणे-साताऱ्याकडचे. त्यांना ‘विश्रांतीचा हक्क’ म्हणण्यापेक्षा ‘देवाचा वार’ म्हटलं की पटकन कळणार. लोखंडे फुल्यांच्या तालमीतले. फुल्यांनी ‘गुलामगिरी’त खंडोबाला बळीच्या राज्यातला अधिकारी ठरवलं होतं. तेव्हा हे निव्वळ देवभोळेपण नव्हतं. आपल्या दैवताच्या नावाने आपला दिवस मागणं होतं.

तो दिवस मिळाल्यावर त्यात काय काय मावलं, ते आम्ही पाहिलं. आणि रविवारापलीकडच्या सणांसाठी गिरणीत एक वेगळीच व्यवस्था होती, कायद्यात न लिहिलेली. गणपती जवळ आले की कोकणातले कामगार अस्वस्थ व्हायचे. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. एसटीची रात्र नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून बोट. रजा मंजूर झाली तर ठीक, नाही झाली तर खाडा. जॉबर, म्हणजे मुकादम, चिडायचा, पण त्यालाही ठाऊक असायचं की शिमगा आणि गणपती या दोन वेळांना मालवणी-रत्नांग्री माणूस थांबवून थांबत नाही. त्याच्या जागी घाटावरचा बदली कामगार उभा राहायचा, जो एरवी रोज सकाळी गेटवर येऊन ‘आज काम नाही’ ऐकून परत जायचा. पुढे चैत्रात घाटावरच्या जत्रा लागल्या की हा उलटा फेरा. सोमवती अमावस्येला जेजुरीची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते. ती अमावस्या सोमवारी, म्हणजे आमच्याकडची माणसं रविवारी रात्रीच निघायची आणि सोमवारी खाडा. एकाच्या देवधर्मावर दुसऱ्याची चूल पेटायची. आमच्या खात्यात शुक्रवारी नमाजाला जाणाऱ्या जोडीदाराचे माग शेजारचा सांभाळतो, हे वडील इतक्या सहज सांगायचे, की त्यात सांगण्यासारखं काही आहे हे मला फार उशिरा कळलं.

दसऱ्याच्या आधी खंडेनवमीला यंत्रांची पूजा. त्या वेळी बायकापोरांना गिरणीत सोडायचे. एरवी ज्या खात्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, तिथे आपल्या पावलांचा आवाज ऐकू यायचा, कारण यंत्रं थांबलेली. मागावर झेंडूच्या माळा, धोट्याला हळदकुंकू, नारळ फुटायचे. वडील आपला माग असा दाखवायचे, जसा दुसरा कुणी आपला बैल दाखवेल.

हे सगळं गोड आठवतं म्हणून गोडच होतं असं मात्र नाही. विणाई खात्यात दलित कामगारांना घेत नसत, कारण धाग्याचं टोक धोट्यातून तोंडाने ओढावं लागे आणि सवर्णांना त्याचा विटाळ. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला तेव्हा तो पुष्कळांना नकोसा झाला. म्हणजे गिरणीत धर्म माणसांना एकत्रही आणत होता आणि वेगळ्या माठातलं पाणीही पाजत होता. शिवाय सुट्टीचा पैसा? पीसवर काम करणाऱ्याला न विणलेल्या कापडाचं कोण काय देणार! बदलीवाल्याचा तर वर्षाचा अर्धा काळ बिनपगारी रविवारच असायचा. आणि रविवारची सुट्टी बाईला कधीच नव्हती. गिरणीतून आलेल्या बाईलाही घरी दुसरी पाळी होती, आणि खानावळवाल्या बाईचा तर रविवार सगळ्यांत जड.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि भोंगे सगळ्याच दिवशी बंद झाले. पुढचं सर्वांना माहीत आहे. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल उभा आहे. ज्या गिरणगावात रविवारी काम करायचं नाही म्हणून मजुरांनी आकाशपाताळ एक केलं, तिथला सर्वांत मोठा धंदा आता रविवारी होतो. रविवार बंद ठेवणारा मॉल मी ऐकलेला नाही, आणि आपण ग्राहक म्हणून तो बंद ठेवूही देणार नाही. या बदलात आपला हात आहे हे नाकबूल करण्यात अर्थ नाही.

माझी पुतणी उपनगरातल्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात आहे. तिचा वीक-ऑफ मंगळवारी किंवा बुधवारी, मॅनेजर लावेल तसा. शनिवार-रविवार कामावर येणं सक्तीचं. सणाच्या आठवड्यात तर वीक-ऑफही रद्द. ‘काका, दिवाळी म्हणजे आमचा सीझन,’ असं ती म्हणते, आणि तक्रारीच्या सुरात म्हणत नाही, पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणते. लक्ष्मीपूजन ती दुकानातच करते, कॅश काउंटरच्या पूजेला उभी राहून. मुलगा आयटी सपोर्टमध्ये. त्याची गिऱ्हाइकं अमेरिकेत. त्यामुळे त्याला चार जुलैची सुट्टी ठाऊक असते आणि चंपाषष्ठी मला सांगावी लागते. नवीन सॉफ्टवेअर चालू करायचं ते शनिवार-रविवारी, कारण तेव्हा गिऱ्हाइकाचं कार्यालय बंद असतं. एका खंडेनवमीला त्याने लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आणि ते फूल बाजूला सारून लगेच लॉगइन केलं. तिकडे मिटिंग सुरू झाली होती. आमच्या लहानपणी पूजा करायची म्हणून यंत्र थांबायचं. एवढा एकच फरक मी त्याला बोलून दाखवला, तर म्हणाला, ‘बाबा, मला कॉम्प-ऑफ मिळणार आहे.’

मिळालाही. पुढच्या बुधवारी. त्या दिवशी तो एकटा घरी होता. बायको कामावर, पोरगी शाळेत. दिवसभर झोपला.

हिशेब मांडला तर आजचा माणूस तोट्यात नाही. वडिलांना आठवड्यात एक सुट्टी होती, मुलाला कागदावर दोन. वडिलांचा खाडा बिनपगारी, मुलाच्या रजा भरपगारी. १९४८ च्या कारखाना कायद्याने हुकलेल्या साप्ताहिक सुट्टीबदली सुट्टी द्यायला लावली. जादा कामाला दुप्पट दरही त्यातच. २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडं ठेवायला मुभा दिली, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी हवीच, असंही घातलं. दिवसांची संख्या राखली गेली. दिवस एकत्र मिळायचा, ते राहिलं नाही. तळी भरायला पाच माणसं लागतात आणि रोस्टर पाच जणांना पाच वेगळे वार देतो. भजनी मंडळ, जागरण-गोंधळ, सत्यनारायण, गावच्या जत्रेची वर्गणी ठरवायची बैठक, यातलं काहीच कॉम्प-ऑफवर होत नाही. ज्याने त्याने आपल्या बुधवारी मोबाइलवर जेजुरीचं दर्शन घ्यावं, एवढंच उरतं.

सगळ्यांचा वार रविवारच हवा, असा माझा हट्ट नाही. शुक्रवार असो, शनिवार असो, सोबतीने पाळलेला कुठलाही वार चालतो. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी थांबतात आणि सगळं गाव त्या दिवशी रस्त्यावर असतं. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यू लोकांना गावाने ‘शनवार तेली’ नाव ठेवलं होतं, कारण शनिवारी त्यांचा घाणा फिरत नसे. गावाने त्यांचा घाणा जबरदस्तीने चालू करायला लावला नाही. शुक्रवारी तेल नेऊन ठेवलं, बस्स. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी आहे. तिच्यामागे देव नाही, वीजपुरवठ्याची वाटणी आहे. तरी सगळ्यांना एकाच दिवशी मिळते म्हणून गुरुवारीच तिथे लग्नाची बोलणी होतात, गुरुवारीच नातेवाईक एकमेकांकडे जातात. विजेच्या कंपनीने दिलेला वारसुद्धा माणसांनी आपलासा केला.

आता जे लोक रोस्टर लावतात त्यांच्याशी थोडं. तुम्हीही बहुधा कुणा गिरणीवाल्याचे, शेतकऱ्याचे नाहीतर कारकुनाचे नातू असाल. २०१७ च्या त्याच कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या असतात. मिळून. माझ्या माहितीतल्या बहुतेक ठिकाणी ही यादी वरून येते आणि नोटीस बोर्डावर लागते. कुणाला चंपाषष्ठी हवी असेल, कुणाला ईद, कुणाला नाताळ, कुणाला फक्त गावची जत्रा. एकाने दुसऱ्याचं काम सांभाळायची रीत आपल्याकडे जुनी आहे, ती मागावर चालली तर संगणकावरही चालेल. तेव्हा यंदा डिसेंबरात यादी लावायच्या आधी आपल्या माणसांना एकदा विचारा. आणि तुम्ही रोस्टर लावणारे नसून त्यात लागणारे असाल, तर कुणी विचारायची वाट पाहू नका. शेजारच्या टेबलावरच्या चौघांना घेऊन आधीच लेखी मागा. कायदा तुमच्या बाजूचा आहे.