उधळ्या नसलेला पुत्र

उपासना सुटली की दारातच पहिला प्रश्न येतो : "मगा बंदिल्लेन री?" मुलगा आला नाही का? आधी मी "ड्यूटी आहे" म्हणायचे. आता "तो येत नाही" एवढंच म्हणते. विचारणाऱ्या बाईच गडबडतात. ड्यूटीवर दोघींचं भागत होतं.

*

फोनवर एकदा मी उधळ्या पुत्राचा दाखला काढला. तो हसला. "आई, मी काय उधळलंय? घराचा हप्ता पाच तारखेला जातो, तुमच्या औषधांचे पैसे त्याच्याही आधी." खरं आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातला मुलगा परत येतो, कारण त्याची उपासमार होते, डुकरांच्या शेंगांवर त्याची नजर जाते. पोट भरलेल्या, बेंगळुरात नीट राहणाऱ्या, दारूला न शिवणाऱ्या मुलाचं काय करायचं, ते तिथे लिहिलेलं नाही. पाळकांना विचारलं. त्यांनी उपास सुचवला. मला.

*

त्याचं कुणाशी भांडण नाही. दृढीकरणाच्या वर्गात सगळ्यात आधी हाच हजर असायचा. विश्वास हळूहळू गेला म्हणतो, ताप उतरतो तसा. "ताप" हा शब्द मला फार लागला.

*

भगिनी मंडळात माझ्यासारखीला हटकून मोनिका ऐकवतात. मुलासाठी वर्षानुवर्षं रडली, आणि 387 साली मिलानमध्ये ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी ती समाधानाने गेली. गोष्ट चांगलीच आहे. पण शेवट गोड झाला म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. ज्यांचा झाला नाही, त्या आयांची नावं कोण घेणार?

*

एक नाव मला सापडलं. मुलगा गेल्या सुट्टीत "सिद्धार्थ" नावाची कादंबरी टेबलावर विसरून गेला. लेखक हेर्मान हेसे. मलपृष्ठ वाचलं आणि चमकले. याचे आजोबा हेर्मान गुंडर्ट, मल्याळमचा कोश रचणारे, बासेल मिशनचे. आई मारी 1842 साली तलश्शेरीत जन्मलेली. वडीलही इकडेच मिशनरी होते. म्हणजे 1837 ला धारवाडात आणि 1839 ला आमच्या हुबळीत आलेली, कन्नड कोशकार किट्टलसाहेबांना इथे पाठवणारी, तीच आपली बासेल मिशन. लेखक अगदी घरातलाच निघाला.

हा हेर्मान चौदा वर्षांचा असताना, मार्च 1892 मध्ये, माउलब्रोनच्या सेमिनरीतून पळाला. आई-वडिलांची झोप उडाली. बोलणी खायची तयारी ठेवून पोरगा आजोबांपुढे गेला, तर म्हाताऱ्याने नुसती थट्टा केली : अलौकिक बुद्धीच्या माणसाची सहल करून आलास म्हणे! मला हे आजोबा फार आवडले. कोशकारच ते, शब्द कुठे खर्चायचे नाहीत हे त्यांना कळत असणार.

आई 1902 साली वारली. मुलगा तिच्या विश्वासात परत आलेला नव्हता. अंत्यविधीलाही गेला नाही. "सिद्धार्थ" आलं त्यानंतर वीस वर्षांनी, आणि त्यात काय आहे? एका ब्राह्मणाचा मुलगा घर सोडून जातो, पुढे त्याचाच मुलगा त्याला सोडून पळतो, आणि बापाला मागे धावणं थांबवावं लागतं. मारीबाईंनी हे वाचलं असतं तर त्यांना ते प्रार्थनेचं उत्तर वाटलं असतं का? नसतं वाटलं. मलाही पूर्ण वाटत नाही. पण त्यांचं नाव आता मी प्रार्थनेत घेते.

*

आमच्या हुबळी स्टेशनचा प्लॅटफॉर्म 1507 मीटर, जगात सर्वांत लांब. हे रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले, त्यांना केवढा अभिमान! मुलाला सोडायला गेलं की माझे गुडघे बोलतात.

*

लक्ष्मीबाई टिळकांचं "स्मृतिचित्रे" पुन्हा काढलं. 1895 मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या लेखी धर्म सोडून गेलेलं माणूस कोण होतं? टिळकच. पुढे दोघं एकत्र राहू लागले तरी तिचं सोवळं तिला पाळू दिलं गेलं. ते सुटलं ते तिच्या स्वतःच्या विचाराने, आणि 1900 मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला.

आमचे पणजोबा नगर जिल्ह्यातले. ते ख्रिस्ती झाले त्या दिवशी त्यांच्या आईने चूल पेटवली नाही, असं घरात सांगतात. साक्ष म्हणून सांगतात, अभिमानाने. ती बाई त्या रात्री कुणापुढे हात जोडून बसली होती, ते मात्र कुणी सांगत नाही. इतकी वर्षं मीही विचारलं नव्हतं.

*

रोज सकाळी सहाला मी त्याला व्हॉट्सॲपवर वचन पाठवायचे आणि निळ्या खुणा उमटतात का ते बघत बसायचे. देवावर भरवसा म्हणायचे, ठेवत होते पाळत. बंद केलं. चौथ्या दिवशी त्याचा फोन : "आई, बरी आहेस ना?"

*

कपाट आवरताना त्याचं पवित्र शास्त्र हाती आलं. काळं रेक्झिनचं कव्हर, चेन अडकलेली. कडांना कसर लागली होती. गच्चीवर ऊन दाखवलं, कडुनिंबाचा पाला घातला. आतून चेन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट पडलं, शाई उडालेलं. कुठल्या पानातून पडलं ते मुद्दाम पाहिलं नाही. पाहिलं असतं तर महिनाभर अर्थ काढत बसले असते.

*

हे मुलाबद्दल काही बोलत नाहीत. जेवणाआधीच्या प्रार्थनेत फक्त त्याचं नाव घेतात, पुढे काही मागत नाहीत. मला वाटायचं, यांना मागता येत नाही.

*

नाताळला आला. उपासनेला येणार नाही हे आधीच सांगितलं होतं, मीही विषय काढला नाही. सकाळी गाडी काढून आम्हां दोघांना चर्चच्या गेटाशी सोडलं, यांना हात धरून पायऱ्यांपर्यंत आणलं, पाळकांना नमस्कार केला आणि गेला. साडेदहाला न्यायला येतो म्हणाला होता. प्रवचन लांबलं. बाहेर आलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते, आणि तो साडेदहापासून गेटाबाहेर गाडीत बसून होता.