तीन श्वासांतला णमोकार



मागच्या आठवड्यात मंदिरातून बाहेर पडताना एका मैत्रिणीने मला पायऱ्यांवर थांबवलं. तिच्या आईला दवाखान्यातून घरी आणलंय आणि सोबत ऑक्सिजनचं मशीन आलंय. "तू सासूबाईंचं इतकी वर्षं करतेयस, मला सांग ना काय काय बघायचं असतं," म्हणाली. पायऱ्यांवर उभ्या उभ्या किती सांगणार? घरी आल्यावर वाटलं, लिहूनच काढावं. दम्याचं, सीओपीडीचं माणूस आपल्या बऱ्याच घरांत आहे आणि त्याची सेवा बहुतेक आपणच करतो.

आधीच सांगते, मी नर्स नाही. जे शिकले ते डॉक्टरांकडून, दवाखान्यातल्या सिस्टरांकडून आणि चुका करून शिकले. त्यातली एक चूक मोठी होती. तीही सांगणार आहे.

माझ्या सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. सांगलीजवळच्या खेड्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. शेणी, तुरकाट्या, पाचट, जे मिळेल ते जळण. वीस माणसांचं घर, पावसाळ्यात ओलं लाकूड, फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल. आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या बाईला सीओपीडी कसा झाला, असं मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारलं, "चूल किती वर्षं होती?" चुलीच्या धुरामुळे बायकांना हा आजार होतो, हे मला त्या दिवशी कळलं. आईंना वाटायचं वयामुळे दम लागतो. मंदिराच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबायच्या, मग चारदा थांबायला लागल्या, आणि मग "आज घरीच दर्शन करते" सुरू झालं. तिथेच आम्ही जागं व्हायला हवं होतं. फुंकून घ्यायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, आम्ही केली ती त्याच्या दोन वर्षांनंतर.

पहिली लढाई इन्हेलरची होती. "पंप लागला की सुटत नाही", हे वाक्य आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्या बाईने ऐकवलं. मैत्रिणींनो, असं नसतं. सवय लागते म्हणून पंप चालू राहत नाही. आजार राहतो म्हणून औषध राहतं, बीपीच्या गोळीसारखं. शिवाय औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून मात्रा थोडी लागते. आईंना पंप दाबणं आणि श्वास ओढणं एकाच वेळी जमेना. निम्मं औषध जिभेवरच बसायचं. मग डॉक्टरांनी स्पेसर दिला, प्लॅस्टिकची ती लांबट नळी. पंप हलवायचा, स्पेसरला लावून एकदा दाबायचा, सावकाश खोल श्वास घ्यायचा, जमेल तेवढा रोखायचा, मग सोडायचा. आठवड्यातून एकदा स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळू द्यायचा. मी पहिल्यांदा तो स्वच्छ फडक्याने पुसून चकचकीत केला होता. पुसल्याने आतून विद्युतभार तयार होतो आणि औषध भिंतींना चिकटतं, हे नंतर समजलं.

स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची असते, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. इथे आमच्या घरी अडलं. आईंचा चाळीस वर्षांचा नियम आहे, सूर्यास्तानंतर चारी आहारांचा त्याग, पाण्याचा थेंबही नाही. संध्याकाळचा पंप रात्री आठला होता. चूळ भरताना पाणी घशात गेलं तर? आठ दिवस त्या चूळ न भरताच झोपल्या आणि तोंड आलं. डॉक्टरांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "मग सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला घ्या की. बारा तासांचं अंतर राहिलं म्हणजे झालं." हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो तेव्हा आम्ही दोन्ही वेळा थोड्या अलीकडे घेतो. आपला नियम डॉक्टरांना सांगायला आपण उगीच लाजतो. सांगितलं तर पुष्कळदा वाट निघते.

पण एका रात्री वाट निघाली नाही.

जानेवारी महिना होता. आमच्याकडे तेव्हा ऊसतोड जोरात असते आणि तोड झालेल्या फडातलं पाचट पेटवतात. संध्याकाळपासून गावावर धूर बसला होता. खिडक्या लावल्या तरी घरात वास येत होता. रात्री दोनला आई उठून बसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर, मानेचे स्नायू ओढलेले. मी नेब्युलायझर आणला. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. औषध तोंडावाटे आत जातं, म्हणजे नियम मोडतो, असं त्यांच्या मनाने घेतलेलं. मी विनवण्या केल्या, ह्यांनी आवाज चढवला, काही उपयोग झाला नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 86. मग मला जे हाताशी दिसलं ते मी केलं. ऑक्सिजनचं मशीन डॉक्टरांनी एक लिटरवर लावून दिलं होतं, ते मी पाचवर नेलं. थोड्या वेळात आकडा 97 झाला. मी सुटकेचा श्वास सोडला आणि त्यांच्या पायाशीच झोपले.

सकाळी सहाला हाक मारली तर उठेनात. हलवल्यावर डोळे उघडले, डोकं दुखतंय म्हणाल्या आणि मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. पुन्हा डोळे मिटले. आकडा तर 97च होता! मला काही उमजेना. दवाखान्यात नेईपर्यंत त्या जवळजवळ बेशुद्ध होत्या. तोंडावर घट्ट मास्क बसवून श्वासाला जोर देणारं बायपॅप मशीन लावलं. चार दिवस आयसीयूत होत्या.

तिथल्या एका तरुण सिस्टरने मला बाजूला बसवून समजावलं. न रागावता. सीओपीडीच्या काही रुग्णांत कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही, तो आधीच रक्तात साठलेला असतो. त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की तो आणखी वाढतो. माणूस गुंगतो, डोकं दुखतं, बोलणं असंबद्ध होतं. ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन दाखवतो, कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. निरोगी माणसाला 95च्या वर आकडा हवा, पण आईंसारख्यांना 88 ते 92 ठेवायचा असतो. "आकडा शंभराजवळ न्यायचा नाही, मावशी. डॉक्टरांनी सांगितलेल्या लिटरला हात लावायचा नाही. कमी वाटलं तर फोन करायचा." हे वाक्य मी चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवलंय. ऑक्सिजनही औषध आहे, त्यालाही मात्रा असते, हे मला आईंचा जीव धोक्यात घालून कळलं.

घरी आल्यावर राहिला नियमाचा प्रश्न. योगायोगाने त्या दिवसांत विहार करत आलेल्या माताजी आमच्या मंदिरात थांबल्या होत्या. आईंना चाकाच्या खुर्चीवरून दर्शनाला नेलं. आईंनीच विचारलं. मला वाटलं होतं लांबलचक उपदेश होईल. माताजींनी एवढंच विचारलं की नियम घेताना औषधाची सूट ठेवली होती का. आई म्हणाल्या, "तेव्हा ठणठणीत होते, कशाला ठेवू?" मग माताजींनी त्यांना श्वासाच्या औषधाची सूट ठेवून नियम पुन्हा दिला. येताना आईंचा चेहरा हलका झाला होता. चार जणांचं ओरडणं जे करू शकलं नाही ते त्या पाच मिनिटांनी केलं. तुमच्या घरी वडीलधाऱ्यांचे असे नियम असतील तर हे बोलणं आधीच, बरं असताना करून ठेवा. रात्री दोन वाजता ते होत नाही.

आता रोजचं सांगते.

धूर घरातून गेलाच पाहिजे. अगरबत्ती आणि धूप मी बंद केले. दिवा देवघरातच, आईंच्या खोलीपासून लांब. ऑक्सिजन चालू असताना जवळपास ज्योत नको, दहा फूट तरी अंतर हवं. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्यात ठिणगीचाही भडका होतो. नळीने नाक सोलवटतं म्हणून तेल, तूप किंवा व्हॅसलिन लावू नका, तेही ऑक्सिजनजवळ धोक्याचं. पाण्याचा अंश असलेलं मलम डॉक्टरांना विचारून घ्या. कानामागे नळी रुतते तिथे मी मऊ सुती कापड गुंडाळते. मिरचीची फोडणी आई अंगणात असतानाच.

मशीनच्या बाटलीतलं पाणी रोज बदलायचं, त्यात डिस्टिल्ड पाणीच घालायचं. मी एकदा विसरले तेव्हा आईच म्हणाल्या, "उकळलेल्या पाण्याचीसुद्धा मर्यादा चोवीस तास. मग हे कालचं कसं चालेल?" तेव्हापासून विसरले नाही. नेब्युलायझरचा मास्क आणि कप दर वेळी धुऊन वाळवायचा. ओलसर तसाच डब्यात ठेवला तर जंतू थेट फुप्फुसात जातात.

दम लागला की आडवं करू नका. खुर्चीत बसवून समोर टेबल, त्यावर दोन उशा, आणि उशांवर हात टेकवून पुढे वाकू द्या. आमच्याकडे स्वाध्यायाचं उंच टेबल आता याच कामाला येतं. चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा दिला तरी बरं वाटतं. आणि नाकाने श्वास घेऊन, ओठ फुंकर घातल्यासारखे करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा. आईंना हे लगेच जमलं. फुंकणीची सवय होतीच! त्या हसून म्हणतात, जिने रोग दिला तीच विद्या कामाला आली.

जेवताना दम लागतो म्हणून त्या कमी जेवायच्या आणि वजन उतरत गेलं. ताकद गेली की श्वासाचे स्नायूही थकतात. आता सूर्यास्ताच्या आत पाच वेळा थोडं थोडं देते. मुगाची पातळ खिचडी तूप घालून, नाचणीची आंबील, शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी, दूध. दशलक्षणात उपवास करायचे म्हणाल्या. डॉक्टरांनी नको सांगितलं. दहा दिवस आम्ही त्यांना शास्त्र वाचून दाखवलं आणि त्यांनी रसत्याग म्हणून साखर सोडली.

फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतो. कफ रोज बघते. पिवळा-हिरवा झाला, वाढला, पायावर सूज आली, ओठ निळसर दिसले, किंवा आई दिवसा गुंगीत वाटल्या तर वाट बघत नाही. श्वास मोजते, पण त्यांना न सांगता, पूर्ण एक मिनिट. मोजतोय म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घेतं.

आणि एक मोजमाप मला कुणी शिकवलं नाही. आपण कायोत्सर्गात तीन श्वासांत एक णमोकार म्हणतो, नऊ वेळा म्हणजे सत्तावीस श्वास. आईंनी हे आयुष्यभर केलं. आता त्या पहाटे तोच मंत्र मोठ्याने म्हणतात आणि मी स्वयंपाकघरातून ऐकते. चांगल्या दिवशी प्रत्येक पद एका श्वासात पुरं होतं. पद मधेच तुटलं, दोन शब्दांवर थांबून श्वास घ्यावा लागला, की मी गॅस बंद करून खोलीत जाते. दोनदा यामुळे आम्ही वेळेत डॉक्टरांकडे पोचलो, ऑक्सिमीटर अजून ठीकच दाखवत असताना.

श्वासोच्छ्वास हा आपल्या दहा प्राणांपैकी एक, हे लहानपणी पाठशाळेत पाठ केलं होतं. तेव्हा ते परीक्षेपुरतं होतं.

आज सकाळी त्यांना एका णमोकारला सहा श्वास लागले. मागच्या वर्षी पाच लागायचे. मी काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, "लागू देत गं. पुरा होतो ना?" मी हो म्हटलं, बाटलीतलं पाणी बदललं आणि खिचडी टाकायला गेले.

त्या मैत्रिणीसाठी, आणि तुमच्यापैकी जिच्या घरी असं मशीन रात्रभर घरघरत असेल तिच्यासाठी हे लिहिलं. तुम्हीही झोपत जा. रात्रीची पाळी नवऱ्याला, मुलांना वाटून द्या. ती चूक मी केली त्या रात्री सलग तिसरं जागरण होतं.

जय जिनेंद्र.