वारसा मागणारे मूल

‘अजिंठ्याचा शोध १८१९ मध्ये लागला’ हे वाक्य आले की मी वर्गात दर वर्षी थांबतो. त्या वर्षी २८ एप्रिलला शिकारीच्या निमित्ताने आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील चित्रावर स्वतःचे नाव आणि तारीख कोरली. वाघूर नदीच्या परिसरातील माणसांना ती लेणी त्याआधीच ठाऊक होती. परंतु त्यांच्या माहितीला ‘शोध’ म्हणण्याची रीत नव्हती.

पुढे रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्यांच्याही कितीतरी प्रती १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. “सर, मग त्या इथेच का नाही ठेवल्या?” असे आठवीच्या एका मुलाने विचारले होते. इतिहासाच्या परीक्षेत असा प्रश्न येत नाही, हे दुर्दैव.

या सर्वांत मला जवळचे वाटतात नंदलाल बोस. भगिनी निवेदितांच्या आग्रहाने ते १९०९-१० च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूत सामील झाले. वय अवघे सत्तावीस. प्रतिकृती करणे म्हणजे नक्कल, असे आपण सहज म्हणून जातो. मात्र दीड हजार वर्षांपूर्वीच्या अनाम चित्रकाराची रेषा आपल्या हाताने पुन्हा ओढायची, तर त्याचे शिष्यत्वच पत्करावे लागते. चाळीस वर्षांनी भारतीय संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजवण्याचे काम याच नंदलालांकडे आणि त्यांच्या शांतिनिकेतनातील सहकाऱ्यांकडे आले. तिच्या पाचव्या भागाच्या आरंभी तथागतांच्या जीवनातील प्रसंग आहे; सातव्या भागाच्या आरंभी धम्मप्रसार करणारा सम्राट अशोक. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेले शब्द आणि अजिंठ्यात घडलेला हात असे एकत्र आले. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा आणखी सहा-सात वर्षे अवकाश होता. वर्गात हे सांगताना माझा आवाज आजही चढतो.

वाळूजहून अजिंठा शंभर किलोमीटरहून अधिक दूर. आपल्या शाळेची सहल तिथे जाते तेव्हा मी मुलांना सतराव्या लेण्यात अधिक वेळ थांबवतो. गाभाऱ्याच्या अलीकडच्या भिंतीवर भिक्षापात्र घेतलेले विशाल तथागत उभे आहेत आणि समोर अगदी लहान आकारात यशोधरा व राहुल. पित्याकडे आपला वारसा माग, असे सांगून यशोधरेने राहुलला पाठवले, असे परंपरा सांगते. तथागतांनी त्याला राज्य दिले नाही, प्रव्रज्या दिली.

वसतिगृहातील मुले हे चित्र निराळ्या नजरेने पाहतात. त्यांचे आईबाप कोणी ऊसतोडीला, कोणी इथल्या कंपन्यांत पाळीवर; मूल शिकावे म्हणून त्यांनीही त्याला उंबऱ्याबाहेर पाठवलेले असते.

मागच्या सहलीनंतर सातवीतील एका मुलीने हे चित्र चित्रकलेच्या वहीत काढले. तिने यशोधरेला तथागतांएवढीच उंच केली होती. मूळ चित्रात असे नाही, हे मी तिच्या लक्षात आणून दिले. ती म्हणाली, “पण सर, पोराला पुढं तर तिनंच केलं ना!”

ते पान या स्मरणिकेत छापावे, अशी मी संपादक मंडळाला विनंती केली आहे.