चाकांवरचं घर आणि मागे सरणारा बर्फ

मुलांनो, गोगलगाय आपलं घर पाठीवर घेऊन हिंडते हे तुम्ही पाहिलंच असेल. पण असं घर बरोबर घेऊन हिंडणारी माणसं पाहिली आहेत का? कॅनडा आणि अमेरिकेत उन्हाळा सुरू झाला की अशी माणसं रस्तोरस्ती दिसू लागतात. त्यांत तरुण असतात, मुलंबाळं घेतलेले आईबाबा असतात, पण नोकरीतून निवृत्त झालेले आजी-आजोबाही खूप असतात. त्यांच्या गाडीला तिकडे 'आर. व्ही.' म्हणतात. आपण तिला सरळ 'घरगाडी' म्हणू या.

माझे मामा १९७९ साली नोकरीसाठी कॅनडातल्या कॅल्गरी शहरात गेले. १९८२ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि मामीही तिकडे गेल्या. आता दोघंही निवृत्त आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मामांनी भाड्याने एक घरगाडी घेतली आणि मामींना घेऊन रॉकी पर्वतात आठ दिवस फिरून आले. मामा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांच्या प्रांतात पंचाहत्तरी झाली की गाडीचं लायसन चालू ठेवायला डॉक्टरचा दाखला लागतो. "पुढच्या वर्षी डॉक्टर काय म्हणेल कोण जाणे, आत्ताच जाऊन येऊ," असं मामा म्हणाले. त्या दिवाळीला दोघं इकडे आली तेव्हा त्यांनी सांगितलेली ही हकीकत.

आधी गाडी आतून पाहू. लांबी पंचवीस फूट, म्हणजे आपल्या एस.टी.पेक्षा लहान. पुढे ड्रायव्हरची जागा. तिच्या मागे टेबल आणि बाकं. रात्री टेबल खाली केलं की त्याचाच पलंग होतो. एका बाजूला ओटा, त्यावर गॅसची शेगडी. फ्रिज विजेवर चालतो आणि वीज नसली तर गॅसवरही चालतो. मागे एक पलंग आणि एक न्हाणीघर, इतकं लहान की आत वळायचं तर कोपर भिंतीला लागतं.

या घराची खरी गंमत त्याच्या पोटात आहे. खाली तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि तिसरी संडासाची. पाणी वाटेत कुठेही सोडायचं नाही, असा कडक नियम आहे. ठरावीक ठिकाणी जाड नळी लावून टाक्या रिकाम्या करायच्या, मग चांगलं पाणी भरून घ्यायचं. हे काम मामांचं! मामा म्हणाले, "तीस वर्षं ऑफिसात साहेब होतो, इथे मात्र हातमोजे घालून भंगीकाम... नव्हे, आपलं आपण साफ करायचं काम." मामींनी लगेच त्यांना टोकलं, "त्यात लाजायचं काय? आपली घाण आपणच काढायची." पाण्याची टाकी दीडशे लिटरची. दोन माणसं, स्वयंपाक, भांडी, आंघोळ सगळं त्यात. तीन दिवस पुरवायचं असेल तर एका माणसाला दिवसाला किती लिटर मिळतील? करा बरं गणित!

पहिल्याच दिवशी एक फजिती झाली. निघताना कप्प्यांच्या कड्या लावायला मामी विसरल्या. पहिल्या वळणावर कप्पा उघडला आणि पोह्यांचा डबा गडगडत थेट मामांच्या पायाशी आला. तेव्हापासून निघण्यापूर्वी मामी यादी मोठ्याने वाचायच्या : कड्या लावल्या? खिडक्या बंद? विजेची तार काढली? पायरी आत घेतली? आणि मामा शाळेतल्या मुलासारखे "होय, होय" म्हणत जायचे.

कॅल्गरीहून पश्चिमेला निघालं की सव्वाशे किलोमीटरवर बॅन्फ लागतं. कॅनडातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ते हेच. १८८३ साली रेल्वेच्या कामगारांना इथे गरम पाण्याचे झरे दिसले आणि १८८५ मध्ये सरकारने ती जागा राखून ठेवली. या उद्यानातून जाणाऱ्या हमरस्त्यावर एक नवल आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच कुंपण आहे आणि अधूनमधून रस्त्यावरून पूल टाकले आहेत. त्यांवर माती आहे, गवत आहे, झाडंही आहेत, पण माणसाला तिथे जायला बंदी! ते पूल अस्वलं, लांडगे, हरणं यांच्यासाठी आहेत. असे सहा पूल आणि अडतीस भुयारी वाटा तिथे आहेत. पूर्वी गाड्यांखाली कितीतरी प्राणी मरायचे. कुंपण आणि पूल झाल्यावर असे अपघात ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले.

रात्रीच्या मुक्कामाला जंगलात आखलेले तळ असतात. प्रत्येक गाडीला नंबर घातलेली जागा, एक लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं. तिथला सर्वांत महत्त्वाचा नियम अस्वलांमुळे आला आहे : खाण्याची एकही वस्तू बाहेर ठेवायची नाही. भांडं नाही, टॉवेल नाही, कचऱ्याची पिशवी तर नाहीच. कचऱ्याच्या लोखंडी पेट्यांची कडीसुद्धा अशी, की माणसाच्या बोटांनी उघडते, अस्वलाच्या पंजाने नाही. मामींनी पहिल्या संध्याकाळी बाहेरच्या टेबलावर आमटीचं पातेलं ठेवलं आणि पाणी आणायला त्या आत गेल्या. तेवढ्यात गस्तीवरची मुलगी आली आणि नम्रपणे म्हणाली, "आजी, वास छान आहे, पण तो अस्वलालाही छानच वाटेल." पातेलं तत्काळ आत गेलं! असं का, ते समजून घ्या. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की अस्वल पुन्हा पुन्हा तळावर येतं, माणसाला भीत नाही, आणि शेवटी त्या अस्वलालाच मारावं लागतं. आपल्या निष्काळजीपणाची किंमत त्याने मोजायची! म्हणून तिथे अस्वलापासून १०० मीटर आणि हरणांपासून ३० मीटर दूर राहायला सांगतात.

बॅन्फच्या पुढे लेक लुईस हे गाव. तिथून जॅस्परपर्यंत २३० किलोमीटरचा जो रस्ता जातो, त्याला हिमक्षेत्रांचा रस्ता म्हणतात. १९३० च्या दशकात जगभर मंदी होती, लाखो लोक बेकार झाले होते. त्यांच्या हाताला काम मिळावं म्हणून १९३१ मध्ये या रस्त्याला सुरुवात झाली. फावडी, कुदळी आणि घोडे यांच्या जोरावर शेकडो माणसांनी तो खणला आणि १९४० साली तो खुला झाला. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीवर रस्ते होतात ना, तसाच हाही! इथे मालट्रकांना बंदी आहे. वाटेत फक्त एका ठिकाणी पेट्रोल मिळतं आणि बऱ्याच भागात मोबाईल चालत नाही. त्यामुळे टाकी भरलेली आणि नकाशा हाताशी, अशीच तयारी हवी.

या रस्त्यावर बो नावाची खिंड आहे. तिची उंची दोन हजार मीटरहून जास्त, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही रस्ता चारशे मीटर वर! तिथून खाली पेटो तलाव दिसतो. बिल पेटो नावाच्या जुन्या वाटाड्याचं नाव त्याला दिलं आहे. त्याचं पाणी असं निळं-हिरवं, की कुणी रंगाची बाटली ओतली असावी असं वाटतं. पण रंग कुणी ओतलेला नाही. डोंगरावरची हिमनदी हळूहळू सरकते. तिच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर घासतात आणि जात्यात दळल्यासारखं खडकाचं अगदी बारीक पीठ होतं. ते पाण्यात तरंगत राहतं. त्याच्यावर ऊन पडलं की निळा-हिरवा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परत येतो.

जवळच बो नदी उगम पावते. कॅल्गरी शहर तिचं पाणी पितं. "चाळीस वर्षं ज्या नळाचं पाणी प्यायले, त्याचं माहेर पहिल्यांदा नीट पाहिलं," असं मामी म्हणाल्या. त्या नदीचं बहुतेक पाणी हिवाळ्यात पडलेल्या बर्फाचं असतं. पण ऑगस्ट-सप्टेंबरात ते बर्फ संपत आलं, की जुन्या हिमनद्याच तिला हात देतात.

पाचव्या दिवशी ते कोलंबिया हिमक्षेत्रापाशी पोचले. इथल्या 'स्नो डोम' शिखराची गंमत ऐका. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेलं पाणी दोन वाटांनी जातं, पश्चिमेला अरबी समुद्राकडे आणि पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे. स्नो डोमचं पाणी मात्र तीन वाटांनी जातं : पॅसिफिक महासागराकडे, उत्तरेच्या आर्क्टिक महासागराकडे आणि हडसन उपसागरातून अटलांटिककडे.

त्या हिमक्षेत्रातून अथाबास्का ही हिमनदी रस्त्याच्या दिशेने उतरते. मामींना यायचं होतं ते इथेच. १९८२ साली, लग्न झाल्यावर, दोघं इथे आले होते. साडीवर मामांचा कोट घातलेल्या मामी बर्फाच्या कडेवर हात टेकून उभ्या आहेत, असा एक फोटो आहे. तो फोटो त्यांनी पर्समध्ये आणला होता.

गाडी लावून दोघं पायवाटेने चढू लागले. मामांचा गुडघा दुखत होता, म्हणून दर थोड्या वेळाने थांबत. वाटेवर पाट्या लावल्या आहेत आणि प्रत्येकीवर फक्त एक साल आहे. त्या साली बर्फाचं टोक तिथे होतं, असा त्याचा अर्थ. १९८२ ची पाटी आली. मामी थांबल्या. पायाखाली दगडगोटे आणि राखाडी माती.

"अहो, इथे उभी होते ना मी?"

"हो, इथेच कुठेतरी."

"मग बर्फ कुठंय?"

मामांनी हात लांब करून वर दाखवलं. पुढे १९९२ ची पाटी होती, तिच्याही पुढे आणखी पाट्या, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे, दूर, मळकट पांढरं टोक.

१८४० च्या दशकात हाच बर्फ आजच्या रस्त्यापर्यंत पोचत होता. गेल्या सव्वाशे वर्षांत हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे गेली आहे. हवा तापते आहे. हिवाळ्यात जेवढं बर्फ साठतं, त्याहून जास्त उन्हाळ्यात वितळतं. जमेपेक्षा खर्च मोठा झाला, की शिल्लक कमी होणारच.

वाट शेवटी दोरीपाशी संपते. बर्फात खोल भेगा असतात, वरून पातळ बर्फाने झाकलेल्या, म्हणून वाटाड्याशिवाय पुढे जायला मनाई आहे. त्यांत पडून माणसं दगावली आहेत. छातीएवढ्या चाकांच्या खास बसगाड्या हिमनदीवर जातात, पण मामी नको म्हणाल्या. दोरीजवळून हिमनदीचं वितळलेलं पाणी वाहत होतं. त्यांनी वाकून त्यात हात घातला आणि गारठा सोसेना तोवर तसाच ठेवला. मग १९८२ च्या पाटीपाशी परत येऊन त्यांनी दुसरा फोटो काढला. दोन्ही फोटो त्या माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवायला घेऊन आल्या होत्या.

शेवटचा मुक्काम जॅस्परला. जुलै २०२४ मध्ये तिथे मोठा वणवा आला. गावातली आणि उद्यानातली सुमारे पंचवीस हजार माणसं आधीच बाहेर काढली होती, तरी गावातल्या सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या. मामा-मामी गेले तेव्हा डोंगरउतारावर काळे बुंधे काठ्यांसारखे उभे होते. पण त्या जंगलात लॉजपोल पाइन नावाची झाडं आहेत. त्यांची कितीतरी फळं राळेने घट्ट मिटलेली असतात, ती आगीच्या धगीनेच उघडतात आणि बी राखेत पडतं. जंगल परत येतं, त्याला काही वर्षं लागतात. हिमनदीचा बर्फ साठायला मात्र शेकडो वर्षं लागली आहेत.

आता एक काम करा. नकाशा घ्या आणि तुमच्या गावच्या नदीचा उगम शोधा. गंगेसारखी ती बर्फातून येते की कृष्णा-गोदावरीसारखी पावसाच्या पाण्यावर वाहते? ती कुठल्या समुद्राला मिळते? आणि घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, तुमच्या लहानपणी मे महिन्यात नदीला पाणी कुठवर असायचं? ती जागा त्यांच्याबरोबर जाऊन पाहा, आणि तिथे एक दगड रोवून त्यावर साल लिहून ठेवा.