एका लडीची शाल

पुरुषानें हातांत क्रोशाची सुई धरावी कीं नाहीं, या प्रश्नावर आमच्या घरांत कधीं वाद झाला नाहीं. कारण ती आमच्या हातीं ज्या व्यक्तीनें दिली, तिच्याशीं वाद घालण्याची घरांत कोणाची छाती नव्हती. आम्ही नऊ वर्षांचे असतांना विषमज्वरानें अंथरूण धरलें होतें. ताप उतरला तरी आणखी तीन आठवडे मुलाला उठूं देऊं नका, असें डॉक्टरांनीं बजावलें. आणि नऊ वर्षांच्या पोराला तीन आठवडे गादीवर खिळवून ठेवणें हें आमच्या आईच्या आवांक्याबाहेरचें होतें. तें काम आत्यानें पत्करलें. जाड सुताचें एक रीळ, एक सुई आणि "शंभर साखळ्या घाल, मग गोष्ट सांगतें," एवढ्या भांडवलावर तिनें आम्हांस जागेवर बसविलें. तीन आठवड्यांनीं आम्ही उठलों तेव्हां कशाच्याही उपयोगी न पडणारी अशी एक लांबच लांब साखळी आमच्या नांवावर जमा होती, आणि क्रोशा आमच्या बोटांत बसला होता. पुढें बत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत गणित शिकविलें. पण हातांतली सुई कायमची सुटली असें कधीं झालें नाहीं.

आत्या ही आमच्या वडिलांची धाकटी बहीण. जन्म १९३६ चा. बाविसाव्या वर्षीं, १९५८ सालीं, तिला वैधव्य आलें आणि ती नाशिकास भावाच्या घरीं परत आली. त्यानंतर या घरांत जेवढीं लग्नें झालीं, त्या प्रत्येकाच्या रुखवतांत तिच्या हातचीं तोरणें आणि ताटांवरचे रुमाल होते. जेवढीं बाळंतपणें झालीं, त्या प्रत्येक बाळंतविड्यांत तिच्या हातचीं टोपडीं, कुंच्या आणि पायमोजे होते. आज आमच्या भाचींच्या मुलींच्या घरींही तिचें कांहीं ना कांहीं काम सांपडेल. तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र तिच्या सुईचें एक वीतभर विणकामही आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें. ही गोष्ट आमच्या ध्यानांत येण्यास वयाचें एकोणसत्तरावें वर्ष उजाडावें लागलें, हें सांगतांना संकोच वाटतो. पण खरें तें सांगितलें पाहिजे.

ध्यानांत आलें तें असें. २०२४ च्या पावसाळ्यांत आत्याला न्यूमोनिया झाला. अकरा दिवस रुग्णालयांत काढून ती घरीं आली ती निम्मी होऊन. वय अठ्ठ्याऐंशी. तिच्या डोळ्यांचा मध्यभाग त्यापूर्वींच गेलेला. कडेचें दिसतें, पण ज्याकडे पाहावें तेवढेंच नेमकें दिसत नाहीं. आतां खांद्यांनाही कांहीं सोसेना. घरांतल्या चांगल्या चांगल्या शाली सुनांनीं आणून पांघरल्या. तिनें त्या एकेक करून उतरवून ठेवल्या. "कोणीतरी खांद्यांवर हात दाबून उभें आहे असें वाटतें रे," ती म्हणाली. नाशिकास डिसेंबरांत पारा दहाच्या खालीं उतरतो, यांत नवें कांहीं नाहीं. डॉक्टरांनीं जातांना एवढेंच सांगितलें होतें कीं, यंदाची थंडी सांभाळा.

तिच्या ट्रंकेंतून सुती पातळें काढतांना सौ.च्या हातीं वेखंडाच्या वासाची एक पुरचुंडी लागली. आंत लोकरीची एक लड. लोण्याच्या रंगाची, न रंगविलेली, बारीक, मऊ. वडील १९८१ सालीं काश्मीरास गेले होते तेव्हां त्यांनीं ती बहिणीकरितां आणली होती, व "यांतून कोणाचें कांहीं करूं नकोस, तुझें कर," असें सांगून दिली होती. आत्यानें तिचें कोणाचें कांहीं केलें नाहीं, हें खरें. पण स्वतःचेंही केलें नाहीं. त्रेचाळीस वर्षें दर पावसाळा संपला कीं ती लड उन्हांत घालीत होती आणि नवें वेखंड घालून परत ठेवीत होती.

या लडीची शाल करावी, हें आमच्या मनांत आलें आणि आम्हीं तें बोलून दाखविलें. आत्या म्हणाली, "एका लडींत शाल होईल कीं नाहीं, तें लडीला विचार." मग मात्र तिनें जातीनें लक्ष घातलें.

वाचकांपैकीं ज्यांचा या कलेशीं परिचय नसेल, त्यांच्याकरितां दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. क्रोशा हा शब्द मूळचा फ्रेंच. अर्थ लहानसा आंकडा. दोन सुयांच्या विणकामांत सगळी ओळ सुईवर जिवंत असते; क्रोशांत एका वेळीं एकच टांका जिवंत, बाकीचे सगळे मागें बांधले गेलेले. म्हणून क्रोशा उसवावयास फार सोपा. पण प्रत्येक टांका बांधून घेण्यांत लोकरही अधिक खर्च होते आणि वीण जाड होते. म्हणजे हलकी शाल, आणि तीही मोजक्या लोकरींत, हें क्रोशाच्या स्वभावाविरुद्धच आहे. त्यावर तोड एकच: लोकरीच्या मानानें सुई मोठी घ्यावयाची आणि खांबांपेक्षां मधल्या जाळीवर अधिक भिस्त ठेवावयाची. एरव्हीं अशा लोकरीला तीन मिलिमीटरची सुई पुरे. आत्यानें साडेचारची घ्यावयास सांगितली. ऊब लोकरीइतकीच तींत अडकलेल्या हवेची असते, हें तिला पदार्थविज्ञानाचें पुस्तक न उघडतां ठाऊक होतें.

आकारही तिनेंच ठरविला. चौकोन नको, त्याची रुंदी आधीं ठरवावी लागते, आणि लोकर मध्येंच संपली तर शाल आखूड होऊन बसते. त्रिकोण करावा, तोही खालच्या टोकापासून. एका खांबापासून निघावें, प्रत्येक ओळीला दोन्ही कडांना वाढवीत वर यावें. लोकर संपेल तेथें शाल संपली. पन्नास ओळी साधल्या तर खांद्यांवरून पुढें गांठ मारण्याइतकी होईल, असा तिचा अंदाज.

भाद्रपदांत स्वयंपाकघरांतल्या कांट्यावर लड तोलली: १०४ ग्रॅम. आश्विनाच्या आरंभीं पंचवीस ओळी झाल्या, आणि उरलेल्या लोकरीचा गुंडा पाहून आम्ही हर्षभरित झालों. निम्मी उंची झाली होती व तीन चतुर्थांश लोकर शिल्लक होती! आम्हीं लगेच सौ.ला सांगितलें कीं, कांठाला आतां शंखांची रुंद झालर लावणार. आत्या आरामखुर्चींत बसून ऐकत होती.

"पंचविसाव्या ओळीला किती जाळ्या झाल्या?"

"पंचवीस."

"आणि पन्नासाव्या ओळीला?"

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. बत्तीस वर्षें ज्यानें मुलांना त्रिकोणाचें क्षेत्रफळ शिकविलें, उंची दुप्पट तर क्षेत्रफळ चौपट हें फळ्यावर काढून दाखविलें, त्याला हा प्रश्न विचारावयास चौथीपर्यंत शिकलेली बाई लागावी! एका शेवटच्या ओळीला जेवढी लोकर खर्च होणार, तेवढींत आरंभींच्या नऊ ओळी सहज निघतात. अर्धी लोकर संपते ती पंचविसाव्या ओळीला नव्हे, पस्तिसाव्याला. झालरीचा विषय आमच्या घरांत पुन्हां निघाला नाहीं.

पस्तिसाव्या ओळीशीं दिवाळी आली. हिशेबाप्रमाणें गुंडा बावन्न ग्रॅमच्या आसपास भरावयास पाहिजे होता. तो पन्नासही भरेना. दोन-अडीच ग्रॅम म्हणजे जवळ जवळ पाऊण ओळ. आम्हीं खुर्चीखालीं पाहिलें, नातवंडांना दरडावलें, मांजराचाही संशय घेतला. आत्या म्हणाली, "शाल आणि गुंडा मिळून तोल." दोन्ही मिळून ९८ भरलीं! चोर सांपडला: हवा. लोकर हवेंतला ओलावा शोषून घेते. आपल्या वजनाच्या जवळ जवळ तिसऱ्या हिश्शाइतकें पाणी आंत असूनही हाताला ओली लागत नाहीं. भाद्रपदांत आम्हीं लोकरीबरोबर पाऊसही तोलला होता. लोकर कमी झालेली नव्हतीच; आमचा आंकडा फुगलेला होता.

येथपर्यंतचें सांगणें सोपें. यापुढचें कांहींसें अवघड आहे.

तेहतिसाव्या ओळीला जाळ्या मोजतांना आमच्या लक्षांत आलें होतें कीं, एकतिसाव्या ओळींत डाव्या कडेला वाढ घालावयाची राहून गेली आहे. फक्त एक वाढ. उसवावयाचें तर त्याच वेळीं दोन-तीन ओळी जाणार होत्या. पण पहांटेचा गारवा जाणवूं लागला होता, आत्याचा खोकला रात्रीं पुन्हां ऐकूं येत होता, आणि शाल केव्हां होते याची आम्हांसच घाई झाली होती. आम्हीं पुढच्या ओळीला डावीकडे दोन वाढी घालून संख्या जुळविली व पुढें निघालों. आणि आणखीही एक विचार मनांत आला होता, तो लिहितों: हिला कोठें दिसणार आहे?

अडतिसावी ओळ संपली त्या संध्याकाळीं आत्यानें शाल मागून घेतली. मांडीवर पसरली आणि दोन्ही कडा दोन हातांत धरून, खालच्या टोकापासून वर, दोन्ही आंगठे एकदम चालवीत आली. प्रत्येक वाढीपाशीं एक बारीकसें छिद्र राहतें. तीं छिद्रें ती मोजीत होती. आमची छाती धडधडूं लागली. एके ठिकाणीं डावा आंगठा थांबला, मागें गेला, पुन्हां आला.

"येथें डावीकडे वाढ नाहीं."

"हो. राहिली."

"केव्हां कळलें तुला?"

"तेहतिसाव्या ओळीला."

थोडा वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "मग पुढच्या पांच ओळी तूं काय विणलेंस?"

आम्हीं थंडीचें कारण सांगितलें. लौकर तुझ्या अंगावर पडावी एवढाच हेतु होता, असें म्हणालों. आणि तें खोटेंही नव्हतें. आत्यानें शाल आमच्याकडे केली. "मला घाई नाहीं रे बाळ," ती म्हणाली, "तुम्हांलाच आहे."

त्या रात्रीं आठ ओळी उसवल्या. आठच ओळी, पण एकूण लोकरीच्या पांचव्या हिश्शाहून अधिक. उसवलेली लोकर वांकडीतिकडी होते. ती खुर्चीच्या पाठीला सैल गुंडाळून, ओलसर करून, दोन दिवस वाळूं दिली तेव्हां सरळ झाली. धाकट्या सुनेनें "एका टांक्यासाठीं एवढें कशाला?" असें आम्हांस हळूच विचारलें. तिला आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

ती लोकर वाळत असतां एक जुनें पुस्तक पुन्हां वाचण्यांत आलें. आमच्या नाशिकजवळ, त्र्यंबकेश्वरीं, जी गोदावरी उगम पावते, तिच्या एका मुखाशीं आंध्रांत नरसापूर नांवाचें गांव आहे. तेथें एकोणिसाव्या शतकांत मिशनरी बायकांनीं क्रोशाची जाळी आणली, आणि तेथील घरोघरच्या बायका ती परदेशीं जाणाऱ्या मालाकरितां करूं लागल्या. जर्मन विदुषी मारिया मीस यांनीं त्यांच्यावर १९८२ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसाचे कित्येक तास सुई चालविणाऱ्या त्या बायकांची गणना 'घरीं बसलेल्या गृहिणी' अशीच होत असे व त्यांचें काम म्हणजे फावल्या वेळचा उद्योग समजला जाई, हें त्या ग्रंथाचें सार. नदीच्या या टोकाला आम्ही तरी काय निराळें समजत होतों? रुखवत पाहावयास येणाऱ्या बायकांना आमची आई मोठ्या अभिमानानें सांगे, "आमच्या वन्सं रिकाम्या बसत नाहींत."

पुन्हां एकतिसाव्या ओळीपासून निघून एकोणपन्नासावी पुरी झाली तेव्हां मार्गशीर्ष लागला होता. गुंडा चार ग्रॅम. शेवटच्या ओळीला हिशेबानें लागणार तेही जवळ जवळ चारच. आणि आमच्या कांट्याला ग्रॅमखालचें कळत नाहीं. आम्हीं एकोणपन्नासवर थांबावें असें सुचविलें. आत्या म्हणाली, "घालून तर पाहा. नाहीं पुरली तर उसव. आतां तुला उसवतां येतें." ही थट्टा होती कीं काय, हें तिच्या चेहऱ्यावरून कळलें नाहीं. त्या ओळीच्या शेवटच्या वीतभर अंतरांत आम्ही श्वास रोखून बसलों होतों. शेवटचा टांका ओढून घेतला तेव्हां हातांत दीड हात लोकर शिल्लक होती.

शाल कोमट पाण्यांत भिजवून, पंचांत दाबून, चटईवर टांचण्यांनीं ताणून लावली. या एका कृतीनें जाळी कशी उलगडते, हें प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज पटावयाचें नाहीं. भिजण्यापूर्वीं जी जेमतेम सव्वा मीटर रुंद होती, ती वाळून उठली तेव्हां दीड मीटर भरली. मधली उंची सत्तर सेंटिमीटर. अठ्ठ्याण्णव ग्रॅम वजनाची ही शाल नातीनें एका मुठींत धरून दाखविली.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्हीं ती आत्याच्या मांडीवर ठेवली. खांद्यांवर घेण्यापूर्वीं तिनें दोन्ही कडा हातांत धरल्या आणि आंगठे टोकापासून वर चालविले. एकतिसाव्या ओळीपाशीं ते थांबले नाहींत. अगदीं वरपर्यंत गेले.

"आतां ऊन आहे," ती म्हणाली. "पहांटे दे."

मग तिनें उरलेली लोकर मागितली. ती दीड हात लोकर तिनें एका जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्याला बोटांनीं चांचपीत गुंडाळली, टोंक फटींत अडकविलें आणि ट्रंकेंत वेखंडाच्या पुरचुंडींत ठेवावयास आमच्या हातीं दिली. "कोठें उसवली तर लागेल," ती म्हणाली.