कुंपणाबाहेरची लिली

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत पहिला दमदार पाऊस पडून गेला की थोड्याच दिवसांत क्वार्टरांच्या कुंपणांलगत गुलाबी फुले वर येतात. त्यांतील कित्येक कुंपणाच्या आत नसून बाहेर, रस्त्याकडेच्या मुरमात, कोणी लावलेली नसताना उमललेली असतात. ही पावसाळी लिली, शास्त्रीय नावाने झेफिरँथिस कॅरिनाटा, मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. बागेतून निसटून परमुलखात स्वबळावर वाढणाऱ्या अशा वनस्पतीस रुळलेली वनस्पती म्हणता येईल. उन्हाळाभर तिचा कंद, म्हणजे पापुद्र्यांचा अन्नसाठा, मातीत निपचित असतो. पाऊस मुरला की पोकळ देठावर लालसर पातळ आवरण फाडून कळी डोकावते आणि भर उन्हात सहा पाकळ्या उलगडून संध्याकाळी मिटते. तिला बी सहसा धरत नाही. कंदाला फुटणारी पिल्ले उकरलेल्या मातीसोबत, राडारोड्यासोबत पुढे सरकतात. लायकोरीन या विषारी द्रव्यामुळे शेळ्याही तिच्या वाटेस जात नाहीत.

या प्रजातीचे नामकरण १८२५ मध्ये विल्यम हर्बर्ट यांनी केले. वकिली आणि ब्रिटिश संसदेचे सदस्यत्व अनुभवून ते धर्मोपदेशक झाले, १८४० मध्ये मँचेस्टरच्या चर्चचे डीन झाले, आणि या सगळ्यातून वेळ काढून या लिलीच्या कुळावर १८३७ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहून बसले; असा फावला वेळ हेवा वाटावा असाच. वनस्पती आपल्याला सर्वांत मानवणाऱ्या जागी वाढत नाहीत, इतर वनस्पती जिथे वाढू देतात तिथेच वाढतात, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि जगण्याच्या झगड्याविषयी लिहिताना डार्विनने त्यांचा गौरवाने उल्लेख केला. भिलाईच्या मुरमाडात गवत विरळ, म्हणून लिलीला जागा; काळ्या कन्हार मातीत, जिथे गवत माजते, तिथे तिचा निभाव अवघड.

पोलाद कारखान्यासाठी १९५५ मध्ये झालेल्या सोव्हिएत करारानंतर उभ्या राहिलेल्या आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या या गावात विदर्भातूनही पुष्कळ कुटुंबे आली. हे गाव ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, त्याचा कारभार १९५६ पर्यंत नागपूरहूनच चाले. लिलीशी या कुटुंबांची तुलना करण्याचा मोह मात्र आवरावा, कारण माणसे नोकरी शोधत आली, कंद फावड्यासोबत गेले. तुलनाच करायची तर निशिगंधाशी करावी; तोही मेक्सिकोचाच, पण निगराणीवाचून त्याचे फारसे चालत नाही, आणि तरी हारात व वेणीत मान त्यालाच.